वाचनालय आणि हातांची विद्या

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात एका सेवानिवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



या संमेलनात मी चार शब्द बोलावे अशी आज्ञा मंडळाच्या चिटणीसांनी केली आणि विषयाची निवड माझ्यावरच सोपविली. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि उभे आयुष्य प्राथमिक शाळेत मुलांना शिकविण्यात घालविलेला मनुष्य आहे. विद्वत्तेचा दावा मला करता येणार नाही. तथापि आज सायंकाळी सर्वसाधारण सभेपुढे जो एक प्रश्न येणार आहे तो माझ्या जिव्हाळ्याचा असल्यामुळे त्यासच धरून बोलावे असे मी ठरविले. आपल्या वास्तूच्या तळमजल्यावरील वाचनालयाची खोली गोदामासाठी भाड्याने द्यावी, अशी सूचना कार्यक्रमपत्रिकेत आहे. सूचना मांडणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे. वाचावयास फारसे कोणी येत नाही, वर्तमानपत्रांचा खर्च मात्र चालू आहे, आणि भाड्याच्या उत्पन्नातून दोन शिष्यवृत्त्या वाढविता येतील, असे त्यांचे म्हणणे आहे. हा हिशोब चुकीचा नाही, पण अपुरा आहे असे मला वाटते. तो पुरा करण्यासाठी इतरत्रच्या वाचनालयांत गेल्या काही वर्षांत काय घडले आहे, ते आपण प्रथम पाहू.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात सिरॅक्यूस शहराजवळ फेयेटव्हिल नावाचे एक लहान गाव आहे. तेथील सार्वजनिक वाचनालय ज्या इमारतीत आहे ती पूर्वी स्टिकली या प्रसिद्ध लाकूडसामान बनविणाऱ्यांचा कारखाना होती. आपल्यासारख्या सुतारांच्या वंशजांना ही गोष्ट ऐकून कौतुक वाटेल. २०११ साली या वाचनालयाने आपल्या सभासदांसाठी एक कार्यशाळा उघडण्याचा संकल्प केला. तीत संगणकाच्या आज्ञेवरून वस्तू घडविणारी यंत्रे होती, तशीच शिलाईची यंत्रे आणि साधी हत्यारेही होती. वाचनालयाचे ओळखपत्र असणाऱ्या कोणीही यावे, शिकावे आणि काही घडवावे, असा नियम होता. अशा जागेला तिकडे मेकरस्पेस म्हणतात. घडविणाऱ्यांची जागा, असा त्याचा अर्थ. अमेरिकेतील सार्वजनिक वाचनालयांत ही कल्पना रुजविणाऱ्यांत या गावाचे नाव अग्रभागी घेतले जाते. त्यानंतर २०१३ साली शिकागो शहराच्या मध्यवर्ती ग्रंथालयात तिसऱ्या मजल्यावर असा विभाग सुरू झाला. तो केवळ काही महिन्यांचा प्रयोग म्हणून सुरू झाला होता. लोकांचा प्रतिसाद पाहून पुढे चालू ठेवण्यात आला.

याहून मोठे उदाहरण फिनलंडचे आहे. त्या देशाच्या राजधानीत, हेलसिंकी येथे, संसदभवनासमोरच्या चौकात ५ डिसेंबर २०१८ रोजी ऊडी नावाचे ग्रंथालय उघडण्यात आले. त्यास तीन मजले आहेत. सर्वांत वरच्या मजल्यावर ग्रंथ आणि वाचनाची शांत जागा आहे. मधल्या मजल्यावर शिलाई यंत्रे, लाकूड व कातडे कापणारी प्रकाशयंत्रे, त्रिमितीय मुद्रणयंत्रे आणि ध्वनिमुद्रणाच्या खोल्या आहेत. कोणी आजीबाई पडद्याची किनार शिवीत आहेत आणि शेजारी एखादा विद्यार्थी आपल्या यंत्राचा सुटा भाग घडवीत आहे, असे दृश्य तेथे नवलाचे नाही. २०१९ साली ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने त्यास त्या वर्षीचे उत्कृष्ट सार्वजनिक ग्रंथालय म्हणून गौरविले. हे अकस्मात घडलेले नाही. त्या देशाने १८६६ सालीच हस्तव्यवसाय हा प्राथमिक शाळेतील आवश्यक विषय केला होता. ज्या समाजाने दीडशे वर्षे मुलांच्या हाती पुस्तकाबरोबर हत्यारही दिले, त्यास ग्रंथालयात शिलाई यंत्र पाहून आश्चर्य वाटले नाही.

आता या यंत्रांविषयी थोडेसे. शिक्षकाची जुनी सवय सुटत नाही, म्हणून उदाहरण स्वयंपाकघरातलेच घेतो. ज्याला थ्रीडी प्रिंटर म्हणतात ते यंत्र आपल्या भगिनींना समजावून सांगावयास नकोच; त्याचे मूळ तत्त्व चकलीच्या सोऱ्याचे आहे. सोऱ्यातून जशी पिठाची तार बाहेर पडते, तशी या यंत्राच्या तापलेल्या तोटीतून वितळलेल्या प्लास्टिकची बारीक तार बाहेर पडते. सोऱ्या हाताने फिरवावा लागतो. येथे तोटीस संगणक फिरवितो. एक थर घातला की त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, असे करीत वस्तू उभी राहते. एक थर बहुधा मिलिमीटरचा पाचवा हिस्सा जाडीचा असतो, म्हणजे एक सेंटिमीटर उंचीला पन्नास थर लागतात. सामान्यतः वापरले जाणारे प्लास्टिक मक्याच्या पिठूळ सत्त्वापासूनही करतात आणि ते सुमारे दोनशे अंश उष्णतेला वितळवितात. यंत्र स्वतः विचार करीत नाही. वस्तूचे माप, कोन आणि जाडी माणसानेच ठरवावी लागते. ज्याला माप घेता येत नाही त्याच्या हाती हे यंत्र निरुपयोगी आहे, आणि ज्याला माप घेता येते तो त्याच्याकडून बरेच काम करून घेऊ शकतो. या रीतीवरील पहिल्या महत्त्वाच्या एकस्वाची मुदत २००९ साली संपली आणि त्यानंतर ही यंत्रे झपाट्याने स्वस्त झाली. आज साधे यंत्र वीस-पंचवीस हजार रुपयांत मिळू शकते.

हे सर्व परदेशचे आहे, आपल्याकडे हे कसे चालावे, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. मुंबईत काळा घोड्याजवळ डेव्हिड ससून ग्रंथालयाची सुंदर दगडी इमारत आपण पाहिली असेल. ती १८७० साली पुरी झाली. परंतु त्या संस्थेचे मूळ १८४७ सालातले आहे. टांकसाळीत आणि सरकारी गोदीत काम करणाऱ्या तरुण यंत्रकारांनी एकत्र येऊन ती स्थापिली आणि तिचे नावही यंत्रकारांची संस्था असेच होते. ग्रंथांच्या जोडीला यंत्रांचे नमुने ठेवावेत, ही तिच्या मुळाशी असलेली कल्पना होती. मुंबईच्या एका नामांकित ग्रंथालयाचा जन्म अशा रीतीने हत्यार धरणाऱ्या हातांतून झालेला आहे.

दुसरे उदाहरण श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांचे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा हा शेतकऱ्याचा मुलगा बडोद्याच्या गादीवर बसला आणि त्याने १८९० साली कलाभवन ही उद्योगशिक्षणाची संस्था उभारविली. दादासाहेब फाळके यांनी काही काळ तेथेच शिक्षण घेतले. पुढे १९१० साली महाराजांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून संस्थानात मोफत वाचनालयांचे जाळे विणले. पेट्यांत भरलेली पुस्तके खेडोपाडी फिरू लागली. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांना चित्रे दाखवून ज्ञान देण्याची व्यवस्थाही त्या ग्रंथालय खात्यात होती. वाचता न येणाऱ्या माणसावरही ग्रंथालयाचे काही ऋण आहे, हा विचार त्यामागे होता. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम प्रसिद्ध केले, त्यांतील अखेरचा नियम ग्रंथालयास वाढत्या सजीवाची उपमा देतो. सजीव वाढतो तेव्हा त्याचे रूप पालटते, हे आपण घरातील लेकरांकडे पाहून जाणतोच.

तिसरे उदाहरण तर आपल्या काळातले आणि आपल्या शेजारचे आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ नावाचे गाव आहे. एका मोठ्या उद्योगसमूहातील वरिष्ठ शास्त्रज्ञाची जागा सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग हे तेथे जाऊन राहिले आणि १९८३ साली त्यांनी विज्ञान आश्रम स्थापिला. शाळेत मन न रमलेल्या मुलामुलींना प्रत्यक्ष कामातून शिकवावे, ही त्यांची पद्धत. लोखंड जोडणे, विजेचे काम, शेती, बांधकाम ही कामे करता करता त्यामागील शास्त्र आणि गणित शिकावयाचे. २००२ साली अमेरिकेतील एम.आय.टी. या विख्यात संस्थेच्या सहकार्याने तेथे संगणकचालित यंत्रांची प्रयोगशाळा उभी राहिली. जगभर पसरलेल्या अशा प्रयोगशाळांपैकी, मूळ संस्थेबाहेर निघालेल्या अगदी पहिल्या प्रयोगशाळांत तिची गणना होते. हे वाचनालय नव्हे, हे खरे. तथापि जे शिकण्यास लोक हजारो मैल जातात त्याचा उगम आपल्या एका कोरडवाहू गावातही झाला होता, हे आपण विसरू नये.

आता मी आपल्या ज्ञातीकडे वळतो. आपण सुतारांची संतती आहोत. वाकस, रंधा, पटाशी, करवत आणि गुण्या ही आपल्या पूर्वजांची दौलत होती. गावचा नांगर, पाभर, तिफण आणि गाडीचे चाक त्यांच्याच हातून घडत असे. पाभरीच्या दोन फणांत किती अंतर ठेवावे, कोणत्या मातीस कोणता कोन द्यावा, बाभूळ कोठे वापरावी आणि सागवान कोठे, हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नव्हते. परंतु त्या ज्ञानाचा मोबदला म्हणून वर्षाअखेर खळ्यावर जे बलुते मिळे, त्यात घर चालत नसे आणि मानही मिळत नसे. म्हणून आपल्या वडिलांनी मुलांच्या हातातील पटाशी काढून घेऊन लेखणी दिली. ते त्यांनी योग्यच केले. आज या सभागृहात अभियंते आहेत, शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, बँकेत काम करणारे आहेत, ते त्या निर्णयाचे फळ आहे.

परंतु लेखणी हाती आली तेव्हा हत्यारामागची विद्याही हातातून निसटली. माझ्या वर्गात एक मुलगी होती. फळ्यावरचे अपूर्णांक तिला काही केल्या उमजत नसत. वडिलांच्या फुटपट्टीवर सूत मोजावयास सांगितले की मात्र ती कधी चुकत नसे. आठ सूत म्हणजे इंच, दोन सूत म्हणजे पाव, हे तिने घरी कामावर ऐकलेले होते. त्या दिवसापासून मी अपूर्णांक सुतांनीच शिकवू लागलो आणि इतर मुलांनाही ते सुलभ झाले. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत महात्माजींनी उद्योगातून शिक्षणाचा जो विचार मांडला, तो मला पुस्तकातून पुरता कळला नव्हता. त्या मुलीच्या फुटपट्टीने तो कळला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून व्यवसायशिक्षणाची ओळख करून द्यावी असे म्हटले आहे. त्याचा आरंभ करावयास वाचनालयाची खोली ही उत्तम जागा आहे.

या विचारावर जे आक्षेप येतील त्यांचा परामर्श घेणे माझे कर्तव्य आहे. पहिला आक्षेप असा की, ठोकाठोकीने वाचनाची शांतता भंगेल. त्यासाठी वेळा वाटून घ्याव्यात. सकाळी वाचन आणि अभ्यास, शनिवार-रविवारी दुपारी काम. ग्रंथ मुळीच कमी होणार नाहीत; उलट कामात अडलेला मुलगा पुस्तकाचे कपाट आपण होऊन उघडतो.

दुसरा आक्षेप खर्चाचा आणि तो वजनदार आहे. यंत्रे आणली, उद्घाटन झाले, छायाचित्र निघाले आणि मग यंत्रावर कापड पडले, असे प्रकार सर्वत्र घडतात. परदेशातही पुष्कळ ठिकाणी नवलाई असेपर्यंत किल्लीस अडकविण्याची खेळणीच तयार होत राहतात. मी शाळांतून विज्ञानसाहित्याची कपाटे कुलूपबंद पाहिली आहेत. मोडेल या भीतीने ते साहित्य कोणा मुलाच्या हाती पडत नसे आणि धूळ खाऊन शेवटी मोडतच असे. यावरून एवढेच निष्पन्न होते की, आधी शिकविणारा माणूस आणि गावाची गरज पाहावी, यंत्र मागाहून आणावे. २०२० सालच्या महामारीत अमेरिकेतील अनेक वाचनालयांनी आपल्या मुद्रणयंत्रांवर रुग्णालयांसाठी मुखकवचांचे भाग तयार करून दिले. त्यांना ते जमले, कारण यंत्र चालविणारी माणसे आधीच तयार होती.

तिसरा आक्षेप आपल्यातील काही वडीलधाऱ्यांच्या मनात आहे. तो उघड बोलला जात नाही. एवढ्या कष्टाने आपण मुलांना हत्यारापासून सोडविले आणि तुम्ही पुन्हा त्यांच्या हाती तेच देता काय, असे त्यांना वाटते. या दुःखाचा मी आदर करतो. माझे उत्तर एवढेच की, पूर्वी हत्यार जन्माने हाती येत असे आणि ते टाकण्याची मुभा नव्हती. येथे ते मुलगा वा मुलगी स्वखुशीने घेईल आणि हवे तेव्हा खाली ठेवील. जन्माने लादलेल्या कामात आणि आवडीने घेतलेल्या कामात महदंतर आहे. त्याच कारणास्तव या खोलीचे दार केवळ आपल्या ज्ञातीपुरते उघडे ठेवून भागणार नाही. विद्या एका घराण्यात कोंडून ठेवल्याने काय होते याचा अनुभव आपणच घेतला आहे. वस्तीतील कोणत्याही जातिधर्माच्या मुलास आणि मुलीस तेथे सारखाच प्रवेश असावा.

आता माझी सूचना थोडक्यात मांडतो. भाड्याचा ठराव सभेने एक वर्ष तहकूब ठेवावा. खोलीच्या दोन भागांत पुस्तके व अभ्यासिका राहावी आणि तिसऱ्या भागात एक भक्कम कामाचे मेज मांडावे. ते मेज आपल्यातील निवृत्त कारागिरांनी स्वतः करून द्यावे. पहिल्या वर्षी मोठे यंत्र आणू नये. साधी हत्यारे, एक शिलाई यंत्र, डाग देण्याची विजेची कांडी, विजेचे माप घेणारे मीटर, एक वापरलेला संगणक आणि इटलीत २००५ साली निघालेल्या आर्डुइनो नावाच्या स्वस्त पट्ट्यांपैकी दोन-तीन, एवढे आरंभास पुरे. डोळ्यांस चष्मा असल्यावाचून आणि कोणी जाणते मनुष्य हजर असल्यावाचून कोणी यंत्रास हात लावू नये, हा नियम कडक असावा.

महिन्यातून एकदा दुरुस्तीचा दिवस ठेवावा. ॲमस्टरडॅम येथे २००९ साली अशा दुरुस्तीमेळ्याची सुरुवात झाली आणि ती चाल अनेक देशांत पसरली. बिघडलेला पंखा, इस्तरी, शिवण उसवलेले दप्तर घेऊन लोक येतात आणि जाणत्याजवळ बसून ते स्वतः दुरुस्त करतात. जी हत्यारे रोज लागत नाहीत ती पुस्तकाप्रमाणे आठ दिवसांसाठी घरी न्यावयास द्यावीत. अमेरिकेतील बर्कली शहराचे सार्वजनिक वाचनालय १९७९ सालापासून असे करीत आले आहे. कोण आले, काय केले, काय मोडले, याची एक नोंदवही ठेवावी. वर्षाअखेर ती वही सभेपुढे यावी. पाने कोरी असतील तर खोली खुशाल भाड्याने द्यावी. मी त्या ठरावास स्वतः अनुमोदन देईन. पाने भरलेली असतील तर दुसऱ्या वर्षी मुद्रणयंत्राचा विचार करावा.

आणखी एक काम मला फार महत्त्वाचे वाटते. आपल्या ज्ञातीत आज ऐंशीच्या घरातील काही वृद्ध हयात आहेत, ज्यांनी गाडीचे चाक आपल्या हाताने घडविले आहे. प्रत्येक हत्याराचे नाव, लाकडाच्या प्रत्येक सांध्याचे नाव, मापाचे शब्द आणि काम करण्याची रीत ही मंडळी सांगू शकतात. मुलांनी त्यांच्याजवळ बसून ते लिहून घ्यावे, ध्वनिमुद्रित करावे, आराखडे काढावेत आणि ती वही वाचनालयात क्रमांक घालून ठेवावी. हे पुस्तक कोठेही विकत मिळणार नाही. ते लिहिणारे आपणच आहोत आणि त्यासाठी फार वर्षे हाती नाहीत.

भाड्याच्या हिशोबात ही रक्कम धरलेली नव्हती, म्हणून हे सर्व आपल्यापुढे मांडले. शिष्यवृत्त्यांची तूट भरून निघावी यासाठी प्रत्येक सभासद-कुटुंबाने वर्षास शंभर रुपये अधिक द्यावेत, अशी माझी विनंती आहे. माझ्यापुरते म्हणाल तर शनिवारी दुपारचे दोन तास मी त्या खोलीत नियमाने बसेन. मापे घेणे आणि अपूर्णांक शिकविणे एवढे मला अजून येते. निर्णय सभेने करावयाचा आहे आणि तो कोणताही झाला तरी मी तो शिरसावंद्य मानीन. मात्र हात वर करण्यापूर्वी प्रत्येकाने एकदा तळमजल्यावर जाऊन ती खोली पाहून यावी, एवढीच प्रार्थना आहे.